ओळखीचा चहा

“त्या दुपारी स्लॅबखाली उभे असलेले आमचे एक तरुण सहकारी अकस्मात भयभीत झाले आणि ओरडत बाहेर पळाले. भीती एवढी, की त्यांच्या पायांतले बूटसुद्धा मागेच राहिले. अखेरीस त्यांच्या जागी मला उभे राहावे लागले आणि माझ्या व्यावसायिक जीवनाचा आरंभ तेथेच झाला.”

आमच्या शहरातील स्ट्रक्चरल इंजिनियरांच्या मंडळाने यंदा जी स्मरणिका काढली आहे, तिच्यात हा मजकूर छापलेला आहे. लिहिणारे मुकुंदराव. मंडळाचे आद्य सदस्य, अनेक पुलांचे आणि त्याहून अधिक समित्यांचे शिल्पकार. ‘एक तरुण सहकारी’ म्हणजे माझा मित्र यशवंत. त्याचे नाव छापण्याचे सौजन्य त्यांनी टाळले आहे, आणि तो उत्तर देण्यास हयात नाही, याचीही त्यांना कल्पना असावी. मी मात्र हयात आहे. त्या दुपारी मी तेथे होतो आणि मला दिसले ते मुकुंदरावांना दिसणे शक्य नव्हते, कारण ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होते.

मे महिना पुन्हा आला आहे. खिडकीतल्या कूलरचा पंप घरघरतो, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांतून पाणी झिरपते, आणि बाहेर नागपूर ओस पडलेले आहे. परगावच्या माणसाला वाटते की शहराला भुताखेतांचे भय वाटण्याची वेळ रात्रीची. आमच्याकडे ती दुपारची. जेवणे आटोपल्यानंतर उन्हे कलेपर्यंत रस्त्यावर जी शांतता उतरते, तिच्यात एखादा सायकलस्वार तोंडाला दुपट्टा गुंडाळून जाताना दिसला, तर तो खरोखरच गेला की नुसता वाफेत थरथरला, हे सांगता येत नाही. डांबर मऊ होते. कुत्री नाल्यांच्या पोटात शिरतात. दूर कोठेतरी पत्रा तापून ‘टण्’ वाजतो आणि मग कितीतरी वेळ काहीच वाजत नाही. या शांततेत मी आयुष्यभर कामे केली आहेत. तिच्याशी माझे भांडण नाही. पण तिच्यावर माझा विश्वासही नाही.

परवा अशाच दुपारी सुजाताचा फोन आला. सुजाता ही यशवंतची मुलगी. तीही आमच्याच व्यवसायात आहे आणि तिच्या वडिलांपेक्षा किंवा माझ्यापेक्षा अधिक उंच इमारतींची गणिते करते. मंडळाच्या समारंभात नवशिक्या अभियंत्यांपुढे बोलण्यासाठी तिला बोलावले आहे. विषय आहे, व्यवसायात ओळखी कशा वाढवाव्यात. निमंत्रणासोबत तिला स्मरणिकाही पोहोचली होती.

“काका, तुम्ही होते न तिथं?” तिने विचारले.

“होतो.”

“बाबा पळाले होते का?”

मी काही बोलण्याआधीच ती पुढे म्हणाली, “बाबांनी मले या गोष्टीचं कधी काही सांगितलंच नाही. विचारलं का म्हणत, ‘सोड वं, जुनं आहे.’ आता मी त्या स्टेजवर उभी राहीन, समोर पोरं बसतील अन् साऱ्यायच्या हातात हे पुस्तक राहीन. खरं असंन तर तसं सांगा. मंग मी नाही जात.”

बापाविषयी इतक्या उशिरा पडलेला प्रश्न फोनवर सोडवू नये, म्हणून मी तिला सांगितले, “लिहून देतो.” हे ते लेखन.

आजच्या तरुणांना ओळखी वाढवण्यासाठी गळ्यात नावाची पट्टी अडकवून वातानुकूलित दालनांत हिंडावे लागते. हस्तांदोलन करून कार्डे वाटावी लागतात. त्यांची मी थट्टा करत नाही. आमची रीत अधिक सभ्य होती असेही नव्हे. सत्तरच्या दशकात आम्ही पदव्या घेऊन बाहेर पडलो, तेव्हा खिशात स्लाइड रूल आणि अंगात टेरिलिनचा सदरा एवढेच आमचे भांडवल होते. धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्यात मोठ्या साहेबांचे कार्यालय होते. मोठे साहेब म्हणजे आमचे ज्येष्ठ, त्यांना याच नावाने सारे शहर ओळखे. नकाशांच्या निळ्या प्रतींना येणारा अमोनियाचा उग्र वास त्या घराच्या भिंतींत मुरला होता. तेथे आम्ही तिघे चौघे गणिते मांडत असू. साहेब लाल पेन्सिल घेऊन मागे उभे राहत आणि चुकीच्या आकड्याभोवती वर्तुळ न काढता त्यावर नुसती पेन्सिल टेकवून ठेवत. पेन्सिल उचलली जाईपर्यंत श्वास सोडायचा नाही, असा अलिखित नियम होता.

मात्र गणित बरोबर आले म्हणून कोणी अभियंता होत नसे. त्यासाठी साहेबांची एक प्रथा होती. ज्या तरुणाने स्लॅबचे गणित केले असेल त्याने, त्या स्लॅबखालच्या बल्ल्या, म्हणजे ओले काँक्रीट तोलून धरणारे लाकडी टेकू, काढले जात असताना स्लॅबच्या बरोबर मध्याखाली उभे राहायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही. मिस्त्री घण घालून एकेक ओळ पाडत जाई. मधल्या बल्ल्या आधी, कडेच्या शेवटी. शेवटची ओळ पडली की डोक्यावरचे सारे ओझे प्रथमच स्वतःच्या पायांवर उभे राही आणि त्या क्षणी काँक्रीट हलकेच हुंकारते, असे साहेब म्हणत. तो हुंकार ऐकू यावा म्हणून ते हे काम मुद्दाम दुपारी ठेवत, जेव्हा दुसरा कोणताच आवाज नसतो.

त्यानंतर चहा. कंत्राटदार, सरकारी खात्यांतले अधिकारी, कारखान्यांचे मालक त्या चहाला येत. साहेब त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून एवढेच म्हणत, “हा आपला.” या दोन शब्दांवर पुढची दहा वर्षे निभावून जात. आम्ही त्या समारंभाला ‘ओळख’ म्हणत असू. माझी ओळख त्याआधीच्या हिवाळ्यात झाली होती. यशवंतची त्या मे महिन्यात व्हायची होती.

यशवंत सक्करदऱ्याच्या तलावाजवळ राहत असे. वडील कापड गिरणीत होते. छप्पनच्या दीक्षेला तो वडिलांच्या खांद्यावर बसून गेला होता. त्या दिवसाचे त्याला काही आठवत नसे, फक्त वडिलांचे ओले केस हातांत घट्ट धरल्याचे आठवे. त्यांच्या घरात आणि साऱ्या गल्लीत तो पहिला अभियंता. ज्यांचे मामा किंवा काका बांधकाम खात्यात बसले होते, त्यांना साहेबांच्या चहाची तितकीशी गरज नव्हती. यशवंतला होती. त्याच्यासाठी दुसरे दारच नव्हते आणि हे तो जाणून होता. त्या दिवसासाठी त्याने सीताबर्डीवरून नाड्यांचे काळे बूट घेतले होते. आदल्या आठवड्यात कार्यालयात ते घालून तो ताठ चालला, तेव्हा मी म्हणालो, “नवरदेव दिसून राहिला.”

“हस गा, हस,” तो म्हणाला. “तुझ्या पायात जन्मापासून आहेत. माझ्या पायायले अजून भरवसा नाही येऊन राहिला.”

स्लॅब होता हिंगण्याला, एका कारखान्याच्या कँटीनचा. भोवती नव्या औद्योगिक वसाहतीचे मोकळे माळ, मधूनमधून उभे राहिलेले लोखंडी सांगाडे आणि तापलेला मुरूम. ओतल्यानंतर अनेक दिवस स्लॅब पाण्याखाली ठेवावा लागतो. त्यासाठी वर मातीचे बांध घालून वाफ्यांसारखी आळी करतात आणि ती भरून ठेवतात. हे काम एक रेजा करी. आमच्याकडे बांधकामावरच्या मजूर बायकांना रेजा म्हणतात. त्या बहुतेक छत्तीसगडच्या. हिचे नाव सुकवारा. डोक्यावर घडा, एक हात शिडीला, पायांत काही नाही. यशवंत सकाळी पाहणीला गेला की खाली बूट काढून, पँट घोट्यावर दुमडून वर चढे, कारण बुटांनी मातीचे बांध फुटतात आणि साहेबांना ते खपत नसे. सुकवारा त्याला हसे. “पानी तात हो गे हे साहेब,” म्हणे, पाणी तापले आहे, पाय भाजतील. तो तरीही आळ्या आळ्यांतून फिरून येई. तिचे पाऊल पाण्यात पडल्याचा एक विशिष्ट आवाज होता, ‘छप’ आणि मग किंचित थांबून पुन्हा ‘छप’, कारण ती एका पायाने जरा लंगडत असे. खाली उभ्या माणसालाही तो ओळखू येई. मी तो अनेकदा ऐकला होता.

त्या दुपारच्या आधीचे काही दिवस यशवंत सावनेरला दुसऱ्या कामावर होता. तेथून तो थेट हिंगण्याला आला. मधल्या दिवसांत काय घडले होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मलाही ठाऊक नव्हते.

पाहुणे पूर्वेकडच्या मांडवात जमत होते. मुकुंदराव, जे तेव्हा आमच्याच कार्यालयात होते, त्यांच्या स्वागतात गुंतले होते. मी पश्चिमेच्या दाराशी उभा. आत पडलेल्या बल्ल्यांचा ढीग, लाकडाच्या भुशाचा आणि चुन्याचा वास, आणि मधोमध यशवंत, हात पाठीमागे बांधून. घणाचे घाव पडत, बल्ली कोसळे, मिस्त्री पुढच्या बल्लीकडे सरके. या घावांच्या मधल्या शांततेत मी ते ऐकले.

छप. मग किंचित थांबून, छप.

वर कोणीतरी आळ्यांतून चालत होते. मध्याकडून पश्चिमेच्या कडेकडे. सावकाश, रोजच्यासारखे.

यशवंतने मान वर केली. मग माझ्याकडे पाहिले. बोलायचे नाही हा नियम मोडून तो मोठ्याने म्हणाला, “काहून गा, ऐकू नाही येऊन राहिलं का तुले? वर सुकवारा आहे!” आणि तो माझ्या दिशेने आला. चालत आला की पळत, यावर मुकुंदरावांनी वाटल्यास आणखी एक लेख लिहावा. दारातून जाताना तो म्हणाला, “तिले खाली घेऊन येतो. तोवर घण थांबव यायचा.”

मी हात वर करून ओरडलो. घण थांबला. पलीकडच्या टोकाहून साहेबांनी विचारले, “काय आहे?”

“वर कोणीतरी आहे, साहेब.”

साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्री मान खाली घालून म्हणाला, “ऊपर कोई नहीं जाता, साहब. अब कोई नहीं जाता.”

आम्ही सर्वांनी कान दिले. काहीच नव्हते. इतके काहीच नव्हते की स्वतःच्या कानांतले रक्त ऐकू यावे. साहेबांनी रिकाम्या मध्याकडे एकदा पाहिले, मांडवातून धावत आलेल्या मुकुंदरावांकडे पाहिले आणि बोट दाखवले. मुकुंदराव जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, “चालू द्या.”

मी बाहेर आलो. शिडी पश्चिमेच्या भिंतीला, बाहेरून लावलेली होती. आतून ती दिसत नसे. यशवंत वर पोहोचला होता. काठाशी उभा राहून तो डोळ्यांवर हात धरून सगळीकडे पाहत होता. तेवढ्यात आत शेवटची ओळ कोसळली. पायांखालचा मुरूम हादरला आणि साहेब ज्याला हुंकार म्हणत, तो आवाज मी त्या दिवशी बाहेरून ऐकला. यशवंत जागचा हलला नाही. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गणिताखाली उभे राहून ओळख मिळवली. आपल्या गणितावर उभा राहिलेला माणूस मी एकच पाहिला आहे.

तो खाली उतरला. “वर कोणी नाही गा,” म्हणाला. आवाजात भय नव्हते. सांगितलेला माणूस जागेवर न सापडल्यावर वाटते तसले नवल होते. “आळी सुकली आहेत सारी.”

मी त्याच्या पायांकडे पाहिले. ते घोट्यांपर्यंत ओले होते.

मी शिडी चढून माझ्या डोळ्यांनी पाहिले, म्हणून लिहितो. आळी कोरडी ठणठणीत होती. मातीच्या बांधांना बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. एका कोपऱ्यात घडा उपडा ठेवलेला. आणि त्या कोरड्या, पांढुरक्या स्लॅबवर यशवंतची ओली पावले, जाताना आणि येताना, कडेकडून उन्हात आक्रसत चाललेली. मी पाहत असतानाच ती नाहीशी झाली.

मिस्त्री घाम पुशीत बाहेर आला होता. यशवंतने त्याला सरळ विचारले, “सुकवारा कहाँ है?” मिस्त्रीने दुपट्ट्याने तोंड झाकले. सुकवाराला त्याच आठवड्यात त्या स्लॅबवरच लू लागली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती संपली. घडा कोणीतरी उपडा करून ठेवला आणि त्यानंतर एकही रेजा वर चढायला तयार झाली नाही. म्हणून आळी सुकली होती. समारंभापूर्वी ही गोष्ट साहेबांच्या कानांवर घालू नये, असे कंत्राटदाराने बजावले होते.

यशवंत बराच वेळ भिंतीला हात लावून उभा राहिला. मी म्हणालो, “बूट घाल. चहाला सगळे वाट पाहताहेत.”

तो म्हणाला, “ओल्या पायानं नवे बूट कसे घालू?” आणि तसाच, भाजत्या मुरमावरून, मांडवाकडे निघाला. मी पाहिले, त्याने एकदाही पाऊल झटकन उचलले नाही.

मांडवात साहेबांनी मुकुंदरावांच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. शब्द उच्चारले गेले होते. यशवंतला अनवाणी येताना पाहून कोणीतरी म्हणाले, “अरे, बूट कुठे विसरले?” हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारले, “वर कोण होतं?”

तेथे उत्तर सोपे होते. एखादा मजूर होता, असे म्हटले असते तर सारे निभावले असते. खरे नावही सांगता आले असते. यशवंतने त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, “कोणी नव्हतं, साहेब.”

पुन्हा हशा. पुढे त्याने मला एकदाच सांगितले, “तिचं नाव घेतलं असतं त तिच्यावरही हसले असते ते.” साहेब एवढेच म्हणाले, “ज्याला स्वतःच्या आकड्यांचा भरवसा नाही, त्याची ओळख मी कशी करून देऊ?” मी उभा राहून बोलू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “तुमची ओळख झालेली आहे. बसा.” मी बसलो नाही. तो चहा मी प्यालो नाही आणि त्या मंडळींच्या कोणत्याही चहाला पुन्हा गेलो नाही. माझे काही अडले नाही.

संध्याकाळी सायकलच्या हँडलला बूट अडकवून मी सक्करदऱ्याला गेलो. यशवंत ओसरीवर बसला होता. त्याच्या आईने बूट घेतले आणि मला म्हणाली, “पाय पाहून घे बाबू याचे. एवढ्या उन्हात अनवाणी आला, फोड नाही एक. अन् अजून गार आहेत.” मी हात लावला. माठाच्या बुडासारखे गार होते. यशवंत नागपूर सोडून गेला आणि त्याने उभे आयुष्य धरणांवर घालवले. तेथे त्याची ओळख करून द्यावी लागली नाही.

या गोष्टीच्या तीन आवृत्त्या प्रचलित आहेत. कंत्राटदार म्हणे, पोराला ऊन लागले. ऊन लागलेल्या माणसाला पाय गार पडून घरी जाता येत नाही. तो सुकवारासारखा जातो. मजूर म्हणत, बाईने त्याला बोलावून नेले. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. टेकू निघाले की काँक्रीट आवाज करते, तापलेले लोखंड आवाज करते, हे मी शिकलो आणि शिकवले. यांपैकी काहीही पाण्यात पाऊल टाकल्यासारखे वाजत नाही, हेही मला ठाऊक आहे. ते पाऊल कोणाचे, याचा निकाल मी लावू शकलेलो नाही आणि अजूनही मेच्या दुपारी, कूलर बंद पडला की, गच्चीकडे कान लावून बसतो. कँटीन आजही उभे आहे. कामगारांना तेथे दुपारचे जेवण मिळते. वर कोणी चालते का, असे मी त्यांतल्या एकदोघांना विचारले होते. त्यांनी जेवण लवकर उरकले.

पण तिसरी आवृत्ती मुकुंदरावांची, आणि तिचा निकाल लागू शकतो. त्यांचा सारा भार बुटांवर आहे. घाबरला म्हणून बूट टाकून पळाला, असे ते लिहितात. ते बूट त्यांनी पाहिले नाहीत. मी पाहिले, मी उचलले, मी पोहोचवले. सुजाता, तू त्या मंचावर खुशाल जा आणि वाटल्यास हे तेथे वाचून दाखव. बूट स्लॅबखाली नव्हते आणि वाटेतही नव्हते. ते बाहेर, शिडीच्या पायथ्याशी, भिंतीच्या बोटभर सावलीत जोडीने ठेवलेले होते. टोके शिडीकडे, नाड्या पूर्ण सोडलेल्या आणि प्रत्येक बुटात त्याचा मोजा नीट घडी करून ठेवलेला.